दिवा हिरवा, वाट बंद

दोन कंपन्यांची इंटरनेट कनेक्शन घेऊन ठेवली की एक बंद पडल्यावर दुसरं आपोआप सुरू होतं, असा समज फार पसरलेला आहे. पण पहिलं बंद पडलंय हे राउटरला सांगतं कोण? नेटवर्किंगमधला हा मला सगळ्यात आवडणारा प्रश्न आहे. वाट बदलणं हे क्षणाचं काम असतं, खरी कसोटी लागते ती वाट बंद झाली हे ओळखताना.

राउटरला स्वतःहून कळतं ते फार थोडं. पोर्टमध्ये खोचलेल्या केबलमधून संकेत येतोय की नाही, एवढंच. केबल उपटली की दिवा विझतो आणि राउटर तो मार्ग आपल्या तक्त्यातून, म्हणजे कुठे कोणत्या वाटेने जायचं याच्या यादीतून, काढून टाकतो. पण बिघाड बहुतेकदा तिथे नसतोच. ही केबल जाते शेजारच्या फायबरच्या डब्यापर्यंत, आणि फायबर तुटते ती कुठेतरी लांब. डबा चालू, केबल शाबूत, दिवा हिरवा. राउटर इमानेइतबारे एकामागून एक पॅकेट, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, त्याच वाटेला लावत राहतो, ती सगळी वाया जातात, आणि दुसरी लाइन बाजूला रिकामी पडून असते.

म्हणून राउटरला हाक मारायला शिकवावं लागतं. त्यासाठीचं साधन जुनंच आहे: पिंग. माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये तो छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि पाणबुडी शोधणाऱ्या सोनार यंत्राच्या आवाजावरून त्याला नाव दिलं. दूरच्या एखाद्या यंत्राला ‘आहेस का?’ असं विचारायचं आणि उत्तराची वाट पाहायची. राउटरच्या तक्त्यात बाहेर जाणारे दोन मार्ग लिहून ठेवतात, प्रत्येकाला पसंतीचा एक आकडा देऊन. आकडा लहान, तर पसंती जास्त. मुख्य लाइनला १ आणि पर्यायी लाइनला २००, असं समजा. दर पाच सेकंदांनी पिंग जातो. सलग तीन हाका वाया गेल्या की १ आकड्याचा मार्ग तक्त्यातून निघतो आणि इतका वेळ खाली दबलेला २०० चा मार्ग वर येतो.

तीनच का? गणित करून पाहू. चांगल्या लाइनवरही शंभरातलं एखादं पॅकेट हरवतं असं धरू. पाच सेकंदांना एक म्हणजे दिवसाला १७,२८० हाका. एका चुकीवर निर्णय घेतला तर दिवसातून सुमारे १७३ वेळा खोटा गजर होईल. सलग तीन चुकांची अट घातली की ती शक्यता दहा लाखांत एक इतकी खाली येते, म्हणजे साधारण दोन महिन्यांत एक खोटा गजर. प्रत्यक्षात पॅकेट एकेकटी हरवत नाहीत, घोळक्याने हरवतात, त्यामुळे हा हिशोब थोडा आशावादीच आहे.

आता येते ती माझी आवडती गफलत. मुख्य लाइन तुटली, तीन हाका वाया गेल्या, राउटरने वाट बदलली. इथवर छान. पुढचा पिंग कोणत्या वाटेने जाईल? तोही एक पॅकेटच. तो तक्ता पाहतो आणि नव्या, चालू असलेल्या लाइनने जातो. उत्तर येतं. राउटर समजतो मुख्य लाइन सुधारली आणि सगळी वाहतूक परत तुटलेल्या वाटेवर आणतो. पुन्हा तीन हाका वाया, पुन्हा बदल, पुन्हा उत्तर. दर काही सेकंदांनी इकडून तिकडे, अखंड. रोग्याची नाडी पाहायची म्हणून शेजारच्या धडधाकट माणसाचं मनगट धरण्यासारखं आहे हे.

उपाय असा, की ज्या पत्त्याला पिंग करतो त्या एकाच पत्त्यासाठी वेगळा मार्ग लिहायचा: काहीही झालं तरी मुख्य लाइननेच जायचं. त्याच्या खाली आणखी एक ओळ, जास्त आकड्याची, त्याच पत्त्याची पॅकेट सरळ टाकून देणारी. कारण केबलच उपटली तर वरची ओळ नाहीशी होते आणि पिंग पुन्हा पर्यायी लाइनकडे पळतो. तपासणारा ज्या वाटेची तपासणी करतो, त्या वाटेला त्याला बांधूनच ठेवावं लागतं.

या बांधणीची एक किंमत आहे. मुख्य लाइन बंद असेपर्यंत तो पत्ता आतल्या कुणालाच मिळत नाही. पुष्कळ जण पिंगसाठी ८.८.८.८ हा गूगलचा पत्ता निवडतात, कारण तो पाठ असतो. आणि नावांवरून पत्ते शोधण्यासाठी, म्हणजे डीएनएससाठी, संगणकांनाही तोच दिलेला असतो. मग लाइन बिनबोभाट बदलते, पण एकही साइट उघडत नाही, आणि बिचारी पर्यायी लाइन बदनाम होते. हाक मारण्याचा पत्ता वापरात नसलेलाच हवा. तो फार जवळचाही नको, नाहीतर पलीकडचा बिघाड दिसत नाही. फार दूरचा असेल तर त्याचं आजारपण आपल्या लाइनच्या माथी येतं. शिवाय राउटर पिंगला उत्तर देणं हे दुय्यम काम मानतात आणि कामाच्या गर्दीत ते टाळतात. म्हणून दोन वेगळे पत्ते घ्यावेत आणि दोन्ही गप्प झाले तरच लाइन मेली असं म्हणावं.

परतताना घाई नको. लाइन बदलली की आपला बाहेरचा पत्ता बदलतो आणि चालू टीसीपी जोडण्या, म्हणजे दोन यंत्रांमधली चालू संभाषणं, तुटतात, कारण जोडणीची ओळखच दोन टोकांचे पत्ते आणि पोर्ट क्रमांक यांवर असते. प्रत्येक उडीला चालू कॉल तुटतात. म्हणून जाताना पंधरा सेकंद, तर परतताना दोन-तीन मिनिटं सलग उत्तरं मिळेपर्यंत थांबायचं.

मोठ्या नेटवर्कात शेजारी राउटर एकमेकांना सतत खुशाली कळवतात. ओएसपीएफ या एकाच संस्थेच्या नेटवर्कातल्या राउटरांच्या बोलण्याच्या पद्धतीत नेहमीच्या मांडणीत चाळीस सेकंद शांतता झाली की शेजारी गेला असं मानतात, तर वेगवेगळी नेटवर्कं ज्या पद्धतीने एकमेकांना आपले मार्ग कळवतात त्या बीजीपीच्या मानकात सुचवलेला आकडा ९० सेकंदांचा आहे. एवढा उशीर नको म्हणून २०१० मध्ये बीएफडी या झटपट खुशाली तपासणाऱ्या पद्धतीचं मानक आलं. ५० मिलिसेकंदांची हाक, तीन चुका, १५० मिलिसेकंदांत निकाल. इतकी चपळाई प्रत्येक लाइनला झेपत नाही; क्षणभराची गर्दीही मग मरण वाटू लागते.

जाहिरातींत हल्ली ‘स्वतःला बरं करणारं’ नेटवर्क आणि ९९.९९९ टक्के उपलब्धता ऐकू येते. या टक्केवारीत वर्षाला साधारण ३१५ सेकंद बसतात. ओळखायला पंधरा सेकंद लागत असतील तर अशा एकवीस घटनांत वर्षाचा सगळा कोटा संपतो. आधी ओळखायला किती वेळ लागतो ते विचारा.

तपासणी अचूक असूनही घात होतो तो वेगळाच. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेने फेसबुकच्या अंतर्गत नेटवर्कातल्या सगळ्या मुख्य जोडण्या तुटल्या. त्यांच्या डीएनएस सर्व्हरना शिकवलेलं होतं, की डेटा सेंटरशी बोलता येत नसेल तर स्वतःला आजारी समजा आणि बीजीपीवरून आपला मार्ग मागे घ्या. एकाच सर्व्हरपुरता हा नियम शहाणा आहे. त्या दिवशी सगळ्यांनी एकाच वेळी तो पाळला आणि सुमारे सहा तास फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम जगातून गायब झाले. सगळेच पहारेकरी एका क्षणी ‘मीच आजारी’ म्हणू लागले, तर दोष पहारेकऱ्यांत नसून त्यांच्यामागच्या सामाईक गोष्टीत असतो. तेव्हा आहे तो मार्ग तसाच ठेवणं बरं, असा नियम त्यांच्या वर आणखी एका पायरीवर लिहावा लागतो.

आणि चाचणी घेताना राउटरची केबल उपटू नका. ते राउटरला तसंही कळतं. फायबरच्या डब्यात पलीकडून येणारी फायबर काढा, दिवा हिरवा राहू द्या, आणि मग सेकंद मोजा.