भागाकार, मूर्त साधनांतून

भागाकार, मूर्त साधनांतून : चिंचोके, काड्या, मणी, खेळातल्या नोटा अशा हाताळता येणाऱ्या वस्तू प्रत्यक्ष वाटून किंवा त्यांचे सारखे गट पाडून लहान मुलांना भागाकाराचा संबोध आणि पुढे त्याची लेखी रीत शिकवण्याची पद्धत. ती साधारण सहा ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी वापरतात. ÷ हे चिन्ह किंवा ‘भाज्य’, ‘भाजक’ ही नावे सुरुवातीला लागत नाहीत. पाढे पाठ नसले तरी काम अडत नाही.

एकाच चिन्हामागे हाताच्या दोन वेगळ्या क्रिया दडलेल्या असतात. 12 चिंचोके 3 मुलांत सारखे वाटले तर एकेकाला किती, ही वाटणी. 12 चिंचोक्यांचे तीन-तीनचे ढीग किती होतील, ही गटांची मोजणी. दोन्हींची मांडणी 12 ÷ 3 = 4 अशीच होते, पण वाटणीत उत्तर एका वाटीत सापडते आणि गटांत ते ढिगांच्या संख्येत असते. बहुतेक वर्गांत फक्त वाटणी होते. मग ‘12 मीटर दोरीचे 3 मीटरचे तुकडे किती’ असे विचारले की मूल अडते, कारण इथे वाटायला माणसेच नाहीत. गटांची सवय पुढे अपूर्णांकांत फार उपयोगी पडते. तीन भाकऱ्या अर्ध्या माणसात वाटता येत नाहीत, पण तीन भाकऱ्यांत अर्ध्या भाकऱ्या किती हे कोणीही सांगेल.

साधने आणि पहिली वाटणी : चार मुलांच्या गटाला 40 चिंचोके, बटणे किंवा बाटल्यांची झाकणे आणि 6 वाट्या पुरतात. वस्तू एकसारख्या आकाराच्या घ्याव्यात. लहानमोठी बिस्किटे दिली तर ‘मला कमी मिळाले’ हा मुलाचा आक्षेप रास्तच असतो. चिंचोक्यांना कीड लागते, म्हणून ते उन्हात वाळवून बंद डब्यात ठेवावेत. गुंजा दिसायला सुंदर असल्या तरी विषारी असल्याने वर्गात आणू नयेत.

पहिल्या संख्या 12, 18, 20, 24 अशा असाव्यात. त्यांना बऱ्याच संख्यांनी निःशेष भाग जातो. एकेक चिंचोका फेरीने प्रत्येक वाटीत टाकायला सांगावे. काही मुले अंदाजाने मूठमूठ टाकतात आणि नंतर इकडचे तिकडे करत बसतात. ते चूक नव्हे, पण अशा वाटणीत फेऱ्यांचा हिशेब हरवतो, आणि एक फेरी म्हणजे भाजकाइतके चिंचोके कमी होणे हेच तर कळायला हवे असते. वाटून झाल्यावर सगळ्या वाट्यांतले चिंचोके मिळून मोजून ‘12’ असे उत्तर देणारी मुलेही भेटतात. त्यांना एकच वाटी उचलून हातात द्यावी. गट पाडण्यासाठी दहा-दहा मण्यांचे रंग आलटून-पालटून ओवलेली शंभर मण्यांची माळ सोयीची पडते. 30 व्या मण्यापाशी चिमटा लावून पाच-पाच मण्यांच्या उड्या मागे मोजायच्या.

लेखी रीतीकडे : इथे काड्यांना पर्याय नाही. दहा काड्यांना रबर लावून गठ्ठा, म्हणजे दशक, बाकीच्या सुट्या. 53 ÷ 4 साठी 5 गठ्ठे, 3 सुट्या काड्या आणि 4 वाट्या. प्रत्येक वाटीत एक गठ्ठा गेला, एक उरला. तो तसाच वाटता येत नाही, म्हणून रबर काढायचे. त्या 10 आणि आधीच्या 3 मिळून 13 सुट्या. प्रत्येकी 3 गेल्या, 1 उरली. उत्तर 13, बाकी 1. वहीत 5 मधून 4 वजा करून ‘3 खाली उतरवला’ असे आपण म्हणतो, ते म्हणजे सुटलेल्या गठ्ठ्यात आधीच्या तीन काड्या मिसळणे. प्रत्येक हालचालीनंतर लगेच तेवढीच ओळ लिहून घ्यावी. आधी सगळे वाटून मग सगळे लिहिले तर काड्या एकीकडे आणि आकडे दुसरीकडे राहतात.

भागाकार डावीकडून का सुरू होतो, हे 74 ÷ 3 उलट करून दाखवता येते. आधी 4 सुट्या वाटल्या तर 1 उरते. मग 7 गठ्ठे वाटताना 1 गठ्ठा उरतो, तो सोडला की सुट्या काड्या पुन्हा वाटाव्या लागतात. मराठीत अडचण थोडी अधिक, कारण ‘त्रेपन्न’ म्हणताना तीन आधी कानावर पडतात आणि मूल सुट्यांकडे हात नेते. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘पन्नास तीन’ असे वाचन आल्यावर मोठा वाद झाला होता. निदान गठ्ठे मांडताना तरी दोन्ही वाचने वापरावीत.

तीन अंकी संख्यांसाठी नोटा. गठ्ठा सोडला की त्याच काड्या बाहेर येतात, नोट मात्र मोडून आणावी लागते; म्हणून नोटा काड्यांच्या नंतर. भाजक 4 पर्यंत असेल तर शंभराच्या 9, दहाच्या 39 आणि एकच्या 39 नोटा एका गटाला कुठल्याही उदाहरणात पुरतात. सर्वांत जास्त चुकणारे उदाहरण 612 ÷ 3 सारखे. मुले 24 लिहितात. नोटा वाटताना प्रत्येकाला शंभराच्या 2 मिळतात. दहाची एकच नोट तिघांत जात नाही, म्हणून दशकाच्या जागी कोणालाच काही नाही, आणि तिथे 0 लिहायचा. ती नोट मोडून 12 सुटे होतात, प्रत्येकी 4. ‘प्रत्येकाकडे दोनशेपेक्षा जास्त आहेत, मग 24 कसे?’ एवढे विचारले की मूल स्वतःच खोडते.

बाकी : बाकीचे काय करायचे हे वस्तूवर ठरते. 13 गोट्या चौघांत वाटल्या तर एक गोटी उरतेच. 13 भाकऱ्या असतील तर शेवटचीचा प्रत्येकाला चतकोर मिळतो. 23 मुलांना, एका बाकावर 5 याप्रमाणे, 5 बाक लागतात. 23 रुपयांत 5 रुपयांच्या पेन्सिली मात्र 4 च. बाकी भाजकाएवढी किंवा जास्त आली तर आणखी एक फेरी वाटायची राहिली आहे.

इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्टेसोरी यांच्या पद्धतीत यासाठी 81 खळग्यांची फळी, 81 हिरवे मणी आणि 9 सोंगट्या असतात; एका सोंगटीला मिळालेले मणी हे उत्तर. मोठ्या भागाकारासाठी 7 घोड्या (नळ्या उभ्या ठेवायच्या मांडण्या), प्रत्येकीत 10 नळ्या आणि नळीत 10 मणी असा संच असतो. एकक हिरवे, दशक निळे, शतक लाल. मॉन्टेसोरी 1939 मध्ये भारतात आल्या. त्याआधीच, 1926 मध्ये, बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी नूतन बाल शिक्षण संघ स्थापला होता. 1945 पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला ताराबाई व त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी शंख, बिया, खडे अशा परिसरातल्या वस्तूंवर भर दिला. महाग संच नसलेल्या शाळेला हाच मार्ग परवडतो, आणि भागाकारापुरते पाहिले तर काड्यांचे गठ्ठे मण्यांच्या नळ्यांपेक्षा कमी पडत नाहीत.

साधने कधी बाजूला ठेवायची याची खूण मूलच देते. गठ्ठ्याचे रबर काढण्याआधी ते ‘आता तेरा होतील’ असे म्हणू लागते. तिथून पुढे वहीत आधी सोडवावे आणि पडताळ्यापुरत्या काड्या घ्याव्यात.