नर्मदाकाठचे कोठार : मुक्कामास येणाऱ्या पाहुण्यांसाठी माहितीपत्रक

इंदूरच्या रामबागेतील आमच्या छोट्या कार्यालयात चौकशीसाठी येणारी बहुतेक मंडळी पहिला प्रश्न असा विचारतात, की सकाळी निघून रात्री परतायचे ठरवले तर महेश्वर, मांडू आणि ओंकारेश्वर ही तिन्ही ठिकाणे एका दिवसात होतील का. धावपळ केली तर होतात; पण त्या धावपळीत नर्मदा तेवढी पाहायची राहून जाते, असे आमचे अनुभवाने झालेले मत आहे. म्हणूनच महेश्वर आणि मंडलेश्वर यांच्या दरम्यान, नदीच्या उत्तर तीरावर असलेले आमचे हे जुने कोठार आम्ही किमान दोन रात्रींच्या मुक्कामासाठीच देतो. येण्यापूर्वी हे पत्रक घरातील सर्वांनी एकदा वाचावे, ही विनंती.

कोठाराविषयी

ही वास्तू राहण्यासाठी बांधलेली नव्हती. खालच्या मजल्यावर बैलजोड्या आणि गाड्या, मधल्या दालनात ज्वारीची पोती आणि कापसाचे ढीग, वरच्या माळ्यावर कडबा, अशी तिची मूळ रचना होती. काळ्या दगडाच्या, चुन्यात बांधलेल्या भिंती दोन हात रुंद आहेत, खांब आणि तुळया सागवानी आहेत आणि वर कवेलूंचे उतरते छप्पर आहे. ही वास्तू राहती करताना आम्ही एकच नियम पाळला : धान्य टिकावे म्हणून जुन्या कारागिरांनी जे केले होते, ते माणसांसाठीही तसेच ठेवायचे. आढ्याजवळचे झरोके धान्याला हवा लागावी म्हणून ठेवलेले होते. ते बुजवून वातानुकूलन यंत्रे बसवण्याचा सल्ला आम्हाला अनेकांनी दिला, पण आम्ही त्या झरोक्यांना फक्त बारीक जाळी लावली. गरम हवा वरून निघून जाते, खालून नदीचा वारा आत येतो आणि चैत्र लागेपर्यंत पंख्याखेरीज कशाचीही गरज भासत नाही.

बैलगाड्या आत घेण्यासाठी असलेला मोठा दरवाजा आता बैठकीच्या दालनाचे मुख्य दार झाला असून त्यातून थेट नदी दिसते. मधल्या दालनाच्या तीन खोल्या केल्या आहेत आणि प्रत्येकीला स्वतंत्र स्नानगृह आहे. माळ्यावर चार मुलांची निजायची सोय होते. मात्र माळ्याचा जिना जुना आणि उभा आहे, म्हणून सहा वर्षांखालील मुलांना तेथे एकटे सोडू नये. गुडघेदुखीचा त्रास असलेल्या ज्येष्ठांसाठी तळमजल्यावर, पूर्वी जेथे गोठा होता तेथे, एक खोली आहे. या खोलीत पायरी नाही आणि स्नानगृहात आधाराचे दांडे बसवलेले आहेत.

मधल्या दालनातील दुसऱ्या खांबाकडे आपण अवश्य पाहावे. त्याच्यावर चुन्याने ओढलेल्या उभ्या रेघा आहेत, चार उभ्या आणि त्यांना छेदणारी पाचवी आडवी, अशा रांगाच रांगा. आत आलेल्या पोत्यांचा हा हिशेब आहे. खालच्या रेघा पुसट झाल्या आहेत, तर वरच्या काही इतक्या ठसठशीत आहेत, की ओढणाऱ्याच्या बोटाची रुंदी मोजता येते. रंगकाम करताना कारागिराने त्यांच्यावर हात फिरवण्याची तयारी केली होती. आम्ही वेळीच पोहोचलो म्हणून त्या वाचल्या. मुलांनी त्यावर हात घासू नये, एवढी काळजी घ्यावी. पहिल्या पावसात या दालनाला सरकीचा मंद वास येतो. तो कोंदटपणाचा वास नाही. वर्षानुवर्षे साठवलेल्या कापसाची ती आठवण आहे.

जोते पुरुषभर उंच आहे आणि त्याचे कारण नदी हेच आहे. सप्टेंबर 2023 च्या मोठ्या पुरात पाणी अंगणापर्यंत आले होते. त्याने उंबरठा मात्र ओलांडला नाही. तरीही आषाढ ते भाद्रपद या काळात, धोक्याची सूचना मिळताच, आम्ही आरक्षण स्वतःहून रद्द करतो आणि पूर्ण रक्कम परत देतो.

कसे यावे

इंदूरहून महेश्वर सुमारे 90 किलोमीटरवर आहे. महू, मानपूर, धामनोद असा महामार्ग सोपा असून त्या वाटेने दोन ते अडीच तास लागतात. बसने येणाऱ्यांनी धामनोदपर्यंत यावे. तेथून पुढे महेश्वरला जाणारी वाहने मिळतात आणि आधी कळवल्यास आमची गाडीही येते.

दुसरा रस्ता महूहून जाम दरवाजामार्गे मंडलेश्वरला उतरतो. अहिल्याबाईंनी 1791 मध्ये बांधलेली ही दगडी कमान विंध्याच्या अगदी कड्यावर उभी आहे. तिच्या अलीकडे माळवा आणि पलीकडे निमाड. कमानीतून बाहेर पाऊल टाकताच जमीन पायाखालून निघून गेल्यासारखी खाली जाते आणि दूरवर निमाडचे सपाट शेत पसरलेले दिसते. घाट उतरता उतरता हवा उष्ण होत जाते, गव्हाच्या जागी कापूस आणि मिरची दिसू लागते आणि बोलीही बदलते. दिवसाउजेडी येणाऱ्यांना आम्ही हाच रस्ता सुचवतो. धुके, मुसळधार पाऊस किंवा रात्र असेल, तर मात्र महामार्गानेच यावे.

नदी आणि तिचे शिष्टाचार

अमरकंटकला उगम पावून 1312 किलोमीटर पश्चिमेकडे वाहत भडोचजवळ समुद्राला मिळणारी नर्मदा आमच्या अंगणाखाली रुंद आणि शांत दिसते. या शांततेवर विसंबून राहू नये. वरच्या अंगाला ओंकारेश्वर आणि त्याच्याही वर इंदिरासागर ही मोठी धरणे आहेत. तेथे वीजनिर्मितीसाठी पाणी सोडले की येथील पातळी कोरड्या हिवाळ्यातही वाढते, आणि मघाशी ज्या खडकावर आपण बसलो होतो तो थोड्या वेळात पाण्याखाली गेलेला असतो. म्हणून स्नान फक्त पायऱ्यांवर, साखळी धरून आणि आमचा माणूस सोबत असतानाच करावे. काळ्या खडकावरचे शेवाळ ओले असताना दिसत नाही. पोहण्यात तरबेज असलेल्यांनाही आमची हीच विनंती आहे, आणि या बाबतीत आम्ही कोणालाही सवलत देत नाही.

नदीत साबण, शांपू, निर्माल्य किंवा अन्न टाकू नये. संध्याकाळी दीपदान करण्याची ज्यांची इच्छा असेल, त्यांना आम्ही पानांचे द्रोण आणि कणकेचे दिवे देतो. बाजारात मिळणारे प्लास्टिकचे द्रोण कृपया आणू नयेत.

अंगणाखालून जाणारी पायवाट नर्मदा परिक्रमेची आहे. नदी सतत उजव्या हाताला ठेवायची आणि पात्र कोठेही ओलांडायचे नाही, असा परिक्रमेचा नियम असल्याने आमच्या तीरावरून जाणारे सगळे परिक्रमावासी पूर्वेकडे, उगमाच्या दिशेने चाललेले असतात. ओंकारेश्वरहून निघालेले लोक दक्षिण तीराने समुद्रापर्यंत जाऊन, विमलेश्वरहून समुद्रातून नावेने मिठीतलाईला उतरून, मग या तीरावर येतात. म्हणजे आपल्यासमोरून जाणारा माणूस शेकडो किलोमीटर चालून आलेला असतो. त्यांच्यात मराठी मंडळी पुष्कळ असतात. कोठाराच्या पडवीत त्यांच्यासाठी चहा, पाणी आणि टेकायला सतरंजी कायम असते आणि ती व्यवस्था पाहुण्यांच्या सोयीसाठी कधीही बंद केली जात नाही. कोणी आले तर ‘नर्मदे हर’ म्हणावे. त्यांना बोलावेसे वाटले तर ते बोलतात. न विचारता त्यांची छायाचित्रे काढू नयेत.

आसपास काय पाहावे

महेश्वरचा घाट कोठारापासून चार किलोमीटरवर आहे. सासरे मल्हारराव 1766 मध्ये गेले, पुढच्याच वर्षी मुलगा मालेराव गेला आणि राज्याची सूत्रे अहिल्याबाईंच्या हाती आली. त्यांनी इंदूरऐवजी महेश्वर ही राजधानी केली आणि 13 ऑगस्ट 1795 रोजी देह ठेवीपर्यंत कारभार येथूनच चालवला. पुढे 1818 च्या मंदसौरच्या तहानंतर राजधानी इंदूरला गेली. किल्ल्यातील राजवाडा पाहताना आपल्याला पहिल्यांदा त्याचे साधेपणच जाणवेल. लाकडी खांबांची पडवी, पांढरी गादी, लहानसे देवघर. काशीपासून सोमनाथपर्यंत मंदिरे, घाट आणि धर्मशाळा बांधणाऱ्या बाईंनी स्वतःसाठी एवढेच बांधले, हे मुलांना तेथे उभे राहून सांगावे. मातीची असंख्य छोटी शिवलिंगे घडवून, त्यांची पूजा करून ती नर्मदेत विसर्जित करण्याचा लिंगार्चनाचा परिपाठ आजही चालू आहे. तो सकाळी असतो, त्यामुळे लवकर निघावे.

घाटावर यशवंतराव होळकरांचे बंधू विठोजीराव यांची छत्री आहे. तिच्या पायथ्याशी कोरलेली हत्तींची रांग पाहताना, विठोजींना 1801 मध्ये पुण्यात हत्तीच्या पायी देण्यात आले होते, हे ठाऊक असलेला माणूस क्षणभर थबकतोच.

महेश्वरी साडी घ्यायची असेल, तर दुकानात जाण्याआधी एखाद्या मागापाशी अर्धा तास बसावे. ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा, हे तिचे वैशिष्ट्य आहे; म्हणून ती वजनाला हलकी असते आणि तरीही तिला चमक असते. काठावरची वीट, चटई आणि हिरा ही नक्षी किल्ल्याच्या आणि मंदिरांच्या दगडकामातून उतरली आहे. अस्सल साडीचा काठ दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, त्यामुळे पदर उलटून पाहण्यात संकोच करू नये. यंत्रमागाच्या साड्याही याच नावाने विकल्या जातात. विणकरांच्या घरी ओळख करून देण्याबद्दल आम्ही कोणाकडूनही दलाली घेत नाही.

पलीकडच्या तीरावर नावडातोली आहे. नावेने जाऊन यायला सकाळ पुरते. डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकलिया यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1952 पासून येथे उत्खनन केले आणि साडेतीन हजार वर्षांपूर्वीची ताम्रपाषाणयुगीन शेतकरी वस्ती उजेडात आणली. कुडाच्या भिंतींची घरे, लालसर भांड्यांवर काळ्या रंगात काढलेली नक्षी आणि जळून कोळसा झालेले धान्य तेथे सापडले. सर्वांत खालच्या थरात गहू होता. वरच्या थरांत तांदूळ, मसूर, मूग, वाटाणा आणि जवस आले. आज तेथे पाहण्यासारखे अवशेष फारसे नाहीत, हे आम्ही आधीच सांगतो. पण कोठारात राहणाऱ्या माणसाला, समोरच्या काठावर इतक्या पूर्वी कोणी तरी असेच धान्य भरून ठेवत होते, हे जाणवल्यावर ती टेकडी वेगळी दिसू लागते.

महेश्वरच्या खालच्या अंगाला जलकोटीजवळ सहस्रधारा आहे. काळ्या खडकांच्या भिंती फोडून नदी तेथे अगणित धारांनी वाहते. पावसाळ्यानंतर, नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात, ती सर्वांत चांगली दिसते.

मांडू सुमारे 40 किलोमीटरवर आहे. त्यासाठी पूर्ण दिवस राखावा. जहाज महाल, हिंडोला महाल आणि होशंगशहाची संगमरवरी कबर पाहून झाल्यावर उन्हे कलता रूपमतीच्या छत्रीवर पोहोचावे. हवा स्वच्छ असेल तर तेथून नर्मदेची रेघ दिसते. गावात गोरखचिंचेची अवाढव्य झाडे आहेत. तिचे आंबट गर असलेले फळ मुलांना आवडते.

ओंकारेश्वर सुमारे 65 किलोमीटर आहे. सोमवारी आणि पर्वकाळात गर्दी फार असते, म्हणून मंगळवार ते गुरुवार यांपैकी दिवस निवडावा.

रावेरखेडीविषयी थोडे आग्रहाने लिहितो. पहिल्या बाजीराव पेशव्यांचे 28 एप्रिल 1740 रोजी या नर्मदाकाठच्या गावी निधन झाले आणि त्यांची समाधी तेथे आहे. सनावदच्या बाजूचा हा प्रवास दीड ते दोन तासांचा आहे, वाटेत सोयी कमी आहेत आणि समाधीपाशी अनेकदा आपल्याखेरीज कोणीही नसते. शनिवारवाडा पाहिलेल्या प्रत्येकाने ही जागाही पाहावी, असे आम्हाला मनापासून वाटते.

जेवण आणि मुक्कामाचे नियम

स्वयंपाक शाकाहारी असून तो निमाडी घरांसारखाच होतो : ज्वारी किंवा मक्याची भाकरी, अंबाडीची भाजी, तुरीचे वरण आणि बेडियाच्या लाल मिरचीचा ठेचा. एका संध्याकाळी पळसाच्या पानांत, गोवऱ्यांवर भाजलेले मक्याचे पानिये करतो. तिखट कमी हवे असल्यास सकाळीच सांगावे. लहान मुलांसाठी साधा वरणभात नेहमी तयार असतो. 1 एप्रिल 2025 पासून महेश्वर, मंडलेश्वर आणि ओंकारेश्वर येथे मद्यविक्री बंद झाली आहे. कोठारात मद्यपानास परवानगी आधीपासूनच नाही.

येण्याची वेळ दुपारी 1 नंतर आणि निघण्याची सकाळी 11 पर्यंत आहे. सात दिवस आधी कळवल्यास आगाऊ रक्कम पूर्ण परत मिळते. त्यानंतर एका रात्रीचे भाडे कापले जाते. एप्रिलच्या मध्यापासून पावसापर्यंत निमाडचे ऊन फार कडक असते आणि त्या काळात ज्येष्ठांना घेऊन येऊ नये, असे आम्ही स्वतःच सुचवतो. माघ शुद्ध सप्तमीच्या नर्मदा जयंतीला आणि कार्तिक पौर्णिमेच्या सुमारास निमाड उत्सवाला यायचे असल्यास दोन महिने आधी आरक्षण करावे.

वीज अधूनमधून जाते. दिवे आणि पंखे बॅटरीवर चालतात, पण गीझर चालत नाही. अशा वेळी चुलीवरच्या बंबातील गरम पाणी मिळते. सोबत घट्ट पकड असलेल्या चपला, विजेरी, नेहमीची औषधे आणि थंडीच्या दिवसांत एखादी शाल आणावी, कारण पहाटे नदीवरून येणारा वारा झरोक्यांतून थेट आत येतो. दाराची किल्ली रखवालदारकाकांकडे असते. ते पडवीतच राहतात आणि रात्री कितीही उशीर झाला तरी कंदील घेऊन रस्त्यापर्यंत येतात. धामनोद किंवा मंडलेश्वर सोडताना त्यांना फोन करावा.