एका गाडीचा जीर्णोद्धार आणि दोन गाड्यांची जोडगाडी

‘जुनी फियाट नवी करून देतो’ असे सांगलीतला एखादा मिस्त्री म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात दोनपैकी कोणते काम आहे हे आधी विचारून घ्यावे. एकाच गाडीचे गंजलेले पत्रे, झिजलेले पिस्टन आणि कुजलेली वायरिंग बदलून ती पुन्हा रस्त्यावर आणणे हा जीर्णोद्धार. दोन मोडक्या गाड्यांतले धड भाग काढून तिसरीच उभी करणे ही जोडगाडी. रंग वाळल्यावर दोन्ही सारख्याच चकाकतात आणि घोटाळा तिथेच होतो.

समजा, एक प्रीमियर पद्मिनी (लोक जिला फियाटच म्हणतात) 2019 च्या महापुरात बुडाली. त्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने 57 फुटांची पातळी ओलांडली होती. या गाडीचा सांगाडा सरळ आहे, पण सिलिंडरमध्ये पाणी आणि बेअरिंगमध्ये गाळ गेला आहे. दुसऱ्या पद्मिनीला महामार्गावर ट्रकने मागून ठोकले; तिची डिकी चेपली, पण 1089 सीसीचे इंजिन शाबूत राहिले. दुसरीचे इंजिन पहिलीत बसवले, तर माझ्या मते तो जीर्णोद्धारच, कारण सांगाडा आणि शासी क्रमांक पहिलीचेच राहतात. फक्त इंजिन क्रमांक बदलत असल्यामुळे आरटीओची संमती घेऊन तशी नोंद करावी लागते. याउलट दुसरीचा पुढचा अर्धा आणि पहिलीचा मागचा अर्धा कापून एकत्र वेल्ड केला, तर ती गाडी नेमकी कोणती, याला प्रामाणिक उत्तर उरत नाही.

हा केवळ कागदाचा प्रश्न नाही. जुन्या जीपला शिडीसारखी स्वतंत्र शासी, म्हणजे भार पेलणारी खालची चौकट, असते. तिच्यावरची बॉडी बोल्ट काढून उतरवता येते आणि दुसरी चढवता येते. पद्मिनी किंवा अँबेसडरमध्ये अशी वेगळी शासी नसते. खालचा पत्रा, दाराखालची पोकळ पट्टी, खांब आणि छत मिळूनच भार पेलतात, म्हणजे बॉडी हीच शासी असते. ती मधून कापून जोडली, की अपघातात सगळा जोर त्या वेल्डच्या रेषेवर येतो आणि वर कितीही सफाईने पुट्टी भरली तरी आतला सांधा बळकट होत नाही. अशा ठिकाणी चुंबक लावून पाहावे; जाड पुट्टीवर तो धरत नाही.

सांगाडा सरळ आहे की नाही, हे ओळंब्याने, म्हणजे दोरीला टांगलेल्या वजनाने, तपासता येते. पुढच्या आणि मागच्या सस्पेन्शनच्या डाव्या-उजव्या जागांवरून ओळंबा सोडून सपाट फरशीवर खडूने चार खुणा कराव्यात आणि दोन्ही कर्ण टेपने मोजावेत. ते जुळत नसतील, तर ती गाडी खेकड्यासारखी तिरपी धावेल आणि टायर खात राहील.

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार आरसीतला, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रातला, तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून वेगळा पडेल असा बदल करता येत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, 5000 रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. 2021 च्या नियमांनी आलेली व्हिंटेज नोंदणीही 50 वर्षांपेक्षा जुन्या आणि मूळ रूपातल्या गाड्यांसाठीच आहे. शासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरफार केलेली गाडी तिच्यात बसत नाही. 1974 मध्ये पद्मिनी हे नाव मिळालेल्या पहिल्या गाड्या नुकत्याच या वयात आल्या आहेत, त्यामुळे आज हौसेने कापलेली गाडी उद्या त्या नोंदणीला मुकेल. (हौशी मंडळी याकडे नेमके दुर्लक्ष करतात.)

एक काम मात्र दोन्ही प्रकारांत राहून जाते. ज्या गाडीचे भाग काढले आणि जी पुन्हा चालणार नाही, तिची आरसी कपाटात ठेवून चालत नाही. कलम 55 प्रमाणे ती 14 दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओकडे कळवून परत करावी लागते. तसे केले नाही, तर भंगारात गेलेल्या पत्र्याचा क्रमांक कोणाच्या तरी दुसऱ्याच गाडीवर ठोकला जाण्याची वाट मोकळी राहते.