काट्यांचा मुकुट व उपहासाची राजचिन्हे

येशू ख्रिस्ताला क्रुसावर खिळण्यापूर्वी रोमी शिपायांनी त्याला खोटा राजा बनवून त्याची थट्टा केली. त्यासाठी वापरलेला काट्यांचा मुकुट, राजवस्त्र, बोरूचा (वेतासारख्या काडीचा) राजदंड आणि क्रुसावरचा दोषलेख यांना नव्या करारातील उपहासाची राजचिन्हे म्हणता येईल. प्रसंग यरुशलेममधला, पंतय पिलात (कारकीर्द इ.स. २६–३६) यहूदियाचा सुभेदार असतानाचा.

येशूचे चरित्र सांगणारी मत्तय, मार्क, लूक व योहान यांची चार शुभवर्तमाने नव्या करारात आहेत. त्यांपैकी मत्तय (२७:२७–३१) आणि मार्क (१५:१६–२०) यांच्या वृत्तान्तात शिपाई येशूला वाड्यात नेऊन सगळी तुकडी गोळा करतात, गुडघे टेकतात आणि ‘यहूद्यांच्या राजा’ म्हणून त्याचा जयजयकार करतात. मग त्याच्यावर थुंकतात. त्याच्या हाती दिलेला बोरू हिसकावून त्यानेच त्याच्या डोक्यावर मारतात. राजदंड हे शासन करण्याच्या अधिकाराचे चिन्ह. इथे तोच राजावर उगारला जातो, आणि या साऱ्या खेळातले क्रौर्य या एका कृतीत उघडे पडते.

वस्त्राबाबत शुभवर्तमानांत एकवाक्यता नाही. मार्क व योहान जांभळे वस्त्र सांगतात. हा रंग समुद्री गोगलगायींपासून काढत. तो अतिशय महाग आणि राजघराण्याला साजेसा. मत्तय मात्र किरमिजी झगा म्हणतो. तो शिपायाच्या अंगावरचा साधा झगा असावा, आणि शिपायांच्या हाताशी तोच असणे अधिक संभवनीय वाटते. लूक (२३:११) झगझगीत वस्त्र घालण्याचे काम गालीलचा शासक हेरोद अंतिपा व त्याच्या शिपायांकडे देतो. मुकुटाचा उल्लेख तो करत नाही.

मुकुट कोणत्या झाडाचा होता हे ग्रंथात नाही. परंपरेने बोरीच्या कुळातील काटेरी झुडपे सुचवली जातात. काही अभ्यासकांच्या मते खजुरीचे लांब काटे बाहेर रोखून, नाण्यांवर दिसणाऱ्या किरणमुकुटाची नक्कल केली असावी. तसे असेल तर छळापेक्षा विडंबन हा मूळ हेतू ठरतो.

अशा विडंबनाला समकालीन जोड आहे. इ.स. ३८ मध्ये अलेक्झांड्रियात यहुदी राजा अग्रिप्पाला हिणवण्यासाठी जमावाने कराबास नावाच्या वेड्या माणसाला पपायरसचा मुकुट, चटईचा झगा आणि पपायरसचाच दंड देऊन मुजरे केले, असे यहुदी तत्त्वज्ञ फिलोने नोंदवले आहे. दोन्हीकडे रोख एकट्या माणसावर नव्हता. यहुद्यांना राजा असावा ही कल्पनाच हास्यास्पद ठरवायची होती.

क्रुसावरचा ‘यहूद्यांचा राजा’ हा लेख योहानाच्या मते हिब्रू, लॅटिन व ग्रीक भाषांत होता. ‘मी यहूद्यांचा राजा आहे, असे त्याने म्हटले’ एवढेच लिहावे, ही मुख्य याजकांची मागणी पिलाताने फेटाळली. शुभवर्तमानकारांची खरी ताकद इथे दिसते: ते थट्टेचे खंडन करत बसत नाहीत. शत्रूच्या तोंडची पदवी वाचकाने खरी मानावी, अशी कथेची मांडणीच आहे. चौथ्या शतकाच्या मध्यावरच्या, आता व्हॅटिकनमध्ये असलेल्या एका शवपेटिकेवर तर शिपाई येशूच्या डोक्यावर काट्यांऐवजी विजयाची पर्णमाला धरताना कोरला आहे.

कॅथलिकांच्या रोझरी या जपमाळेच्या प्रार्थनेत हा प्रसंग दुःखाच्या पाच रहस्यांपैकी तिसरा. मुकुटाचा म्हणून मानला गेलेला अवशेष फ्रान्सच्या नवव्या लुईने १२३९ मध्ये पॅरिसला आणला. पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलला २०१९ मध्ये लागलेल्या आगीतून तो वाचवण्यात आला. थट्टा संपल्यावर झगा काढून घेतल्याचे मत्तय व मार्क सांगतात, पण मुकुट काढल्याचे कोणतेच शुभवर्तमान सांगत नाही. म्हणून चित्रकारांनी क्रुसावरही तो कायम ठेवला.