पडदा चांगला आहे, मग बाळ बघत का नाही?

कमी दिवसांचे बाळ पेटीतून घरी येते, तेव्हा त्याच्या फायलीत डोळ्यांच्या तपासणीचा एक कागद असतो आणि त्यावर पडद्याची वाढ पूर्ण झाल्याची नोंद दिसली की घरची मंडळी डोळ्यांचा विषय संपला असे धरून चालतात. तो कागद खरा असतो, परंतु तो फक्त पडद्याविषयी बोलतो. अशा बाळाची नजर दोन अगदी वेगळ्या ठिकाणी अडू शकते: डोळ्याच्या पडद्यावर, किंवा पडद्याने टिपलेले चित्र समजून घेणाऱ्या मेंदूत.

पडद्याच्या आजाराला डॉक्टर आरओपी म्हणतात. गर्भात साधारण १६व्या आठवड्यापासून पडद्यावरील रक्तवाहिन्या मध्याकडून कडेकडे वाढू लागतात आणि कानाकडच्या कडेला पोहोचेपर्यंत दिवस जवळजवळ भरत आलेले असतात. बाळ २८ आठवड्यांत जन्मले तर हे काम अर्धवट राहते. बाहेरच्या जास्त प्राणवायूने वाढ आधी थबकते आणि नंतर उपाशी राहिलेल्या पडद्यावर वेड्यावाकड्या वाहिन्या फुटून त्या पडदा ओढून सोडवू शकतात. हे सारे बाहेरून दिसत नाही. म्हणूनच ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाची पहिली तपासणी ३० दिवसांच्या आत, आणि फारच लहान बाळाची दोन-तीन आठवड्यांतच करावी लागते. आपल्याकडे बाळ-बाळंतिणीला सव्वा महिना घराबाहेर काढत नाहीत. एरवी या रीतीबद्दल माझी तक्रार नाही, पण येथे ती नेमकी आड येते. शिवाय एकदा तपासून भागत नाही, वाहिन्या कडेला पोहोचेपर्यंत पुन्हा पुन्हा जावे लागते, आणि उपचाराची गरज ठरली की लेझर किंवा डोळ्यातील इंजेक्शन दोन-तीन दिवसांतच व्हावे लागते.

मेंदूमुळे येणारा दृष्टिदोष, म्हणजे सीव्हीआय, याची चाल निराळी आहे. २४ ते ३४ आठवड्यांच्या काळात मेंदूतील पाण्याच्या पोकळ्यांभोवतीचा पांढरा भाग फार नाजूक असतो आणि रक्तपुरवठा कमी पडला तर तेथे इजा होते. पायांकडे जाणारे तंतू या पोकळ्यांना अगदी लागून जातात, आणि मागच्या बाजूला दृष्टीचे तंतूही तेथूनच जातात. त्यामुळे एकाच इजेने पाय ताठ होतात आणि नजरही, विशेषतः खालच्या बाजूची, अधू होते. बाहुली उजेडाला नीट आकसते, पडदा स्वच्छ असतो, आणि तरीही बाळ आईच्या चेहऱ्याकडे पाहत नाही.

घरात हे कसे दिसते? फुलाफुलांच्या गोधडीवर ठेवलेला लाल चेंडू मुलाला सापडत नाही, तोच चेंडू साध्या पांढऱ्या चादरीवर ठेवला की हात लगेच जातो. कधी तर मान दुसरीकडे वळवून मूल चेंडूकडे हात पुढे करते. सकाळी ओळखणारे मूल संध्याकाळी कोल्हापुरातल्या महाद्वार रोडच्या गर्दीत काहीच पाहत नाही आणि घरचे त्याला नाटकी ठरवतात. पुढे चालू लागल्यावर ते उंबऱ्याला अडखळते, रंकाळा तलावाच्या पायऱ्या उतरताना रडते, आणि आजी म्हणते, "पाय कच्चे हाईत त्याचे." पाय ताठ असतीलही, पण पायाखालची पायरीच त्याला दिसत नसेल, हे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

वय मोजताना जन्मतारीख न धरता डॉक्टरांनी दिलेली प्रसूतीची तारीख धरावी. २८ आठवड्यांचे बाळ पाच महिन्यांचे झाले, तरी या हिशेबाने ते दोन महिन्यांहून थोडेच पुढे असते आणि त्याने मान पूर्ण धरलेली नसणे स्वाभाविक आहे. मात्र याच हिशेबाने तीन महिने उलटूनही नजर चेहऱ्यावर ठरत नसेल, लंगोट बदलताना पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढत असतील, किंवा वर्षाच्या आतच मूल एकच हात वापरू लागले असेल, तर 'कमी दिवसांचे आहे, होईल हळूहळू' म्हणून थांबू नये. मेंदूची नजर पुष्कळ मुलांत वर्षागणिक सुधारते, परंतु त्यासाठी लवकर सुरू केलेला सराव लागतो. डॉक्टरांकडे जाताना पडद्याच्या कागदाबरोबर गोधडीवरचा आणि पांढऱ्या चादरीवरचा खेळ मोबाइलवर टिपून न्यावा, कारण तपासणीच्या खोलीत मूल नेमके झोपलेले असते.