बर्फाचा नांगर

११ जून २०२३ रोजी अलास्कातल्या नोम, कॉटझेब्यू, उत्कियागविक अशा किनाऱ्यावरच्या गावांचे इंटरनेट आणि मोबाइल एकदम बंद पडले. ना भूकंप झाला होता, ना कुठल्या जहाजाचा नांगर अडकला होता. अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावरच्या ऑलिकटॉक पॉइंटच्या उत्तरेला, सुमारे ५५ किलोमीटर आत समुद्रात, क्विंटिलियन कंपनीची फायबर ऑप्टिक केबल वाहत्या बर्फाने तोडली होती. तिथे पाणी जवळपास २७ मीटर खोल आहे. पाण्यावर तरंगणारा बर्फ एवढ्या खाली पोहोचतो कसा?

एका हिवाळ्यात समुद्राचे पाणी गोठून होणारा थर दीड-दोन मीटर जाडीचा असतो. पण वारा आणि प्रवाह हे थर एकमेकांवर रेटतात. ते फुटतात आणि तुकड्यांचा ढीग वर साचतो तसा खालीही साचतो. वर माणसाच्या उंचीचा दिसणारा ढीग पाण्याखाली साधारण चौपट-पाचपट खोल असतो. अलास्का आणि कॅनडाच्या उत्तरेला असलेल्या बोफर्ट समुद्रात असे ढीग उथळ पाण्यात आले की त्यांचे बूड तळाला टेकते. तरीही ते थांबत नाहीत, कारण मागून मैलोन्‌मैल बर्फाचा रेटा असतो. गाळ उकरत ढीग पुढे सरकतो आणि मागे सरी राहते, दोन्ही बाजूंना वरंबे. ऊस लावणाऱ्याला हे चित्र वेगळे समजावून सांगायला नको. बहुतेक सऱ्या मीटरभरही खोल नसतात, मात्र अलास्काजवळ साडेपाच मीटरचीही नोंद आहे.

मराठीत नांगर शेतातला असतो तसा जहाजाचाही असतो. हा बर्फ दोन्ही कामे करतो. तळात रुतून बसलेल्या ढिगाला रशियन भाषेत ‘स्तामुखा’ म्हणतात आणि शास्त्रज्ञांनीही तोच शब्द उचलला. असे ढीग घट्ट रुतले की किनाऱ्याला चिकटलेला बर्फ त्यांच्या आधाराने जागेवर राहतो. उत्कियागविकचे इनुपियाट या मूळनिवासी समाजाचे व्हेल-शिकारी वसंतात याच बर्फावर मुक्काम करतात. ढीग पक्के टेकले आहेत की नाहीत हे पारखणे त्यांच्यासाठी जिवाचा प्रश्न असतो.

पुस्तकी ज्ञानाचा प्रवास मात्र उलट्या दिशेने झाला: कल्पना आधी, पाहणे नंतर. १८५५ मध्ये चार्ल्स डार्विनने एक छोटा लेख लिहिला. हिमनग समुद्राच्या उंचसखल तळावरूनही सरळ, एका दिशेच्या रेघा ओढू शकतात, असा त्याचा मुद्दा होता. त्याला खरे तर जमिनीवरच्या खडकांवर दिसणाऱ्या ओरखड्यांचा उलगडा करायचा होता. तिथे श्रेय पुढे हिमनद्यांकडे गेले आणि कल्पना बाजूला पडली. जिथे ती लागू होती, त्या समुद्रतळाकडे पाहण्याचे साधनही तेव्हा नव्हते आणि गरजही कुणाला नव्हती. १९५५ मध्ये रेक्स या संशोधकाने बॅरोजवळच्या (आजचे उत्कियागविक) चुकची समुद्राच्या तळावरचे चढउतार टेकलेल्या बर्फाने केले आहेत असे मांडले, तेव्हा मध्ये शंभर वर्षे गेली होती.

गरज निर्माण केली तेलाने. १९६८ मध्ये अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावर प्रुडो बे इथे प्रचंड साठा सापडला आणि पुढच्याच वर्षी ‘मॅनहॅटन’ हे तेलवाहू जहाज बर्फ फोडत वायव्य मार्गातून, म्हणजे कॅनडाच्या उत्तरेकडच्या सागरी वाटेने, नेऊन पाहिले गेले. तळाची पाहणी सुरू झाली. त्याच काळात साइड-स्कॅन सोनार हाताशी आले होते. जहाजाच्या दोन्ही बाजूंना ध्वनिलहरी सोडून तळाचे जवळजवळ छायाचित्रच हे यंत्र काढते. त्या कागदी पट्ट्यांवर एकमेकींना छेदणाऱ्या सऱ्यांचे जाळे उमटले. कॅनडाच्या बाजूने पेलेटिए आणि शिअरर, अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाकडून राइमनित्झ आणि बार्न्स यांनी सत्तरच्या दशकात त्यांचे नकाशे केले.

खरी अडचण पुढेच होती. समोरची सरी गेल्या हिवाळ्यातली की शंभर वर्षांपूर्वीची? उथळ पाण्यात लाटा सरी लवकर बुजवतात. खोल, शांत पाण्यात ती वर्षानुवर्षे तशीच राहते. त्यामुळे तळात टाकायच्या तेलाच्या नळांना किती धोका आहे, हे नुसत्या सऱ्या मोजून कळत नाही. उपाय साधा आणि कंटाळवाणा होता: त्याच रेषेवरून दरवर्षी पुन्हा जायचे आणि नव्या सऱ्या तेवढ्या मोजायच्या. माझ्या मते या विषयातले सगळ्यात मोलाचे काम हेच.

हे नळ टाकणाऱ्या अभियंत्यांना आणखी एक धडा मिळाला. बर्फाचे बूड जिथवर पोहोचते, त्याच्या खालची मातीही रेट्याने पुढे ढकलली जाते. म्हणजे बर्फ न टेकताही नळ वाकू शकतो. नव्वदच्या दशकात न्यूफाउंडलंडमधल्या सी-कोर संस्थेने सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे वेगाने गरगर फिरवून वजनाचा दाब वाढवणाऱ्या यंत्रात, छोट्या प्रतिकृती फिरवून हे तपासले. ‘नॉर्थस्टार’ या अलास्कातल्या तेलक्षेत्राचा समुद्राखालचा, जवळपास १० किलोमीटरचा नळ २००१ मध्ये सुरू झाला, तो तळात चर खणून, वर माती लोटूनच.

२०२३ मध्ये तुटलेली केबल सप्टेंबरात, समुद्र मोकळा झाल्यावर जोडली गेली. जानेवारी २०२५ मध्ये ती बोफर्ट समुद्रातच पुन्हा तुटली. या वेळी ऐन हिवाळा होता, त्यामुळे दुरुस्तीच्या जहाजाला उन्हाळ्याची वाट पाहावी लागली.