डिफेंडरमध्ये फोल्डर वगळायचं की प्रोसेस? कोड लिहिणाऱ्यांचा नेमका घोळ होतो तो इथे

बिल्ड व्यवस्थित होतं, पण प्रोग्राम चालवायला जावं तर ईएक्सई फाइल जागेवर नसते, कारण विंडोजसोबत येणाऱ्या मायक्रोसॉफ्ट डिफेंडर या अँटिव्हायरसने ती क्वारंटाइनमध्ये, म्हणजे संशयित म्हणून बाजूला, टाकलेली असते. मग एक्सक्लुजनच्या, म्हणजे तपासणीतून वगळायच्या गोष्टींच्या, यादीत जाऊन ‘प्रोसेस’ (चालू असलेला प्रोग्राम) हा पर्याय निवडला जातो, आपल्या प्रोग्रामचं नाव टाकलं जातं आणि पुढच्या बिल्डनंतर फाइल पुन्हा गायब होते. इथे डिफेंडरचं काही चुकलेलं नसतं. ‘प्रोसेस’ या पर्यायाचा अर्थच आपण धरून चालतो त्यापेक्षा वेगळा आहे.

फोल्डर वगळलं, की त्यातल्या आणि त्याच्या पोटातल्या सगळ्या फोल्डरांमधल्या फाइल तपासल्या जात नाहीत, मग त्या कुणीही उघडोत. प्रोसेस वगळली, की त्या प्रोसेसने उघडलेल्या फाइल तपासल्या जात नाहीत, मग त्या डिस्कवर कुठेही असोत. पण त्या प्रोसेसची स्वतःची ईएक्सई फाइल तपासली जातेच! म्हणून आपण बनवलेला प्रोग्राम क्वारंटाइनमध्ये जात असेल, तर त्याचं नाव प्रोसेसच्या यादीत टाकून उपयोग नाही. तो ज्या फोल्डरमध्ये तयार होतो ते फोल्डर, किंवा नुसती ती फाइल, वगळावी लागते.

आणखी एक फरक सहसा लक्षात येत नाही. फोल्डरची सूट रिअल-टाइम संरक्षणाला, म्हणजे काम चालू असताना सतत होणाऱ्या तपासणीला, लागू होते, तशीच ठरलेल्या वेळी होणाऱ्या स्कॅनलाही. प्रोसेसची सूट मात्र फक्त रिअल-टाइमपुरती असते. दिवसभर काम सुरळीत चाललं आणि रात्रीच्या स्कॅननंतर सकाळी फाइल नाहीशी झाली, तर आधी हेच तपासा.

मग प्रोसेसची सूट लागते कशाला? वेगासाठी. डिफेंडरचा फिल्टर ड्रायव्हर फाइल सिस्टिमच्या वाटेवर बसलेला असतो. फाइल उघडताना आणि लिहून बंद केल्यावर तो तपासणी करतो, आणि उघडणाऱ्याला तेवढा वेळ थांबावं लागतं. एक मोठी फाइल असेल तर हे जाणवतही नाही. कंपायलर हजारो छोट्या हेडर फाइल उघडतो, तेव्हा तेच थांबणं साचत जातं. अशा वेळी कंपायलरची प्रोसेस वगळल्याने फरक पडतो, पण खरोखर फाइल उघडणारी प्रोसेस वगळली तरच. व्हिज्युअल स्टुडिओच्या सी++ प्रकल्पात एमएसबिल्ड हा मुकादम आहे. हेडर वाचतो सीएल हा कंपायलर आणि शेवटी जोडणी करतो लिंक हा लिंकर. एकटा एमएसबिल्ड वगळून बिल्ड तितकंच रेंगाळत असेल, तर कारण हेच.

कोण किती वेळ खातंय हे अंदाजाने ठरवू नका. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या पॉवरशेलमध्ये ‘न्यू-एमपीपरफॉर्मन्सरेकॉर्डिंग’ ही आज्ञा सुरू करा, बिल्ड चालवा, रेकॉर्डिंग थांबवा आणि ‘गेट-एमपीपरफॉर्मन्सरिपोर्ट’ने अहवाल काढा. सर्वाधिक तपासणी कोणत्या फाइलची आणि कोणत्या प्रोसेसमुळे झाली, ते त्यात मिळतं.

कधी लिंकर एलएनके ११०४ ही त्रुटी दाखवतो, नोडचं पॅकेज बसवणारा एनपीएम ईपीईआरएम (परवानगी नाही) म्हणत फाइलचं नाव बदलायला नकार देतो, रस्ट भाषेचं बिल्ड करणारा कार्गो ‘ॲक्सेस इज डिनाइड’ म्हणून थांबतो, आणि तीच आज्ञा दुसऱ्यांदा दिली की काम होतं. नुकतीच लिहिलेली फाइल स्कॅनरने तपासायला उघडलेली असते आणि नेमक्या त्याच क्षणी टूल ती हलवायला किंवा पुसायला जातं, तेव्हा असं होतं. यावर उपाय फोल्डरचाच: आउटपुट जिथे पडतं ते फोल्डर वगळा.

गो भाषेत हा तिढा जरा जास्त आहे. ‘गो रन’ आणि ‘गो टेस्ट’ प्रोग्राम प्रकल्पात बनवत नाहीत. तो टेम्प फोल्डरमध्ये, दर वेळी नव्या नावाच्या उपफोल्डरात बनतो. प्रकल्प वगळला तरी टेस्टची ईएक्सई पकडली जाते ती यामुळे. पण तेवढ्यासाठी अख्खं टेम्प वगळणं हा वाईट उपाय आहे, कारण बाहेरून आलेलं नको ते बहुधा तिथेच उतरतं. त्यापेक्षा कामासाठी एक वेगळं फोल्डर आधी तयार करा, जी-ओ-टी-एम-पी-डी-आय-आर या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये त्याचा पूर्ण पाथ द्या आणि तेवढंच वगळा.

सूट द्यायची वाट अशी: विंडोज सिक्युरिटी, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मॅनेज सेटिंग्ज, आणि पान खाली सरकवून एक्सक्लुजन्स. ‘ॲड’वर क्लिक केलं की फाइल, फोल्डर, फाइल टाइप आणि प्रोसेस असे चार पर्याय येतात. प्रोसेससाठी नुसतं नाव टाकू नका, ड्राइव्हपासून पूर्ण पाथ द्या. नुसतं नाव दिलं तर त्या नावाची कुठलीही फाइल, कुठूनही चालली तरी, सूट घेऊन जाते. नोड आणि पायथन तर प्रोसेसच्या यादीत टाकूच नयेत. त्यांच्यातून कुणाचंही स्क्रिप्ट चालतं, एनपीएमचं पॅकेज बसवतानाही चालतं, आणि त्या स्क्रिप्टने उघडलेली प्रत्येक फाइल मग तपासणीविना सुटते.

पॉवरशेलमधून यादी बदलत असाल तर जपून. ‘ॲड-एमपीप्रेफरन्स’ यादीत भर घालतं. ‘सेट-एमपीप्रेफरन्स’ जुनी यादी काढून नवी बसवतं. पाथमध्ये युजरप्रोफाइल हा व्हेरिएबलही वापरू नका. डिफेंडरची सेवा सिस्टिमच्या खात्यावर चालते, त्यामुळे तिच्या दृष्टीने तो पाथ तुमच्या होम फोल्डरचा नसतोच. सूट दिलेली दिसते, पण लागू होत नाही.

विंडोज ११ असेल आणि ५० जीबी जागा मोकळी करता येत असेल, तर सूट देण्याआधी डेव्ह ड्राइव्ह, म्हणजे डेव्हलपरांच्या कामासाठीचा खास ड्राइव्ह, करून पाहा. विश्वासार्ह म्हणून नोंदलेल्या अशा ड्राइव्हवर डिफेंडरचा परफॉर्मन्स मोड चालतो: फाइल लगेच उघडते आणि तपासणी मागाहून होते. तपासणी थांबत नाही, फक्त वाट अडवत नाही; वेगाचीच तक्रार असेल तर फोल्डर उघडं सोडण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

फोल्डर आणि प्रोसेस दोन्हींना सूट नीट देऊनही डॉक्युमेंट्ससारख्या फोल्डरांमधल्या प्रकल्पात लिहिताच येत नसेल, तर अडवणारा वेगळाच आहे: रॅन्समवेअर प्रोटेक्शनमधला कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस. परवानगी दिलेल्या ॲपची त्याची यादी निराळी आहे, आणि कंपायलर किंवा गिट तिथे नव्याने नोंदवावं लागतं. नाहीतर प्रकल्प त्या फोल्डरांमधून बाहेर हलवा.